कुमारवयातील निद्रानाश

सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला नववी-दहावीच्या वर्गावर जाणाऱ्या कोणत्याही शिक्षकास विचारावे. तो हेच सांगेल की, हजेरीला 'हजर' म्हणणाऱ्यांपैकी निम्मे विद्यार्थी खऱ्या अर्थाने हजर नसतात. वही समोर उघडी असते, पेन हातात असते, नजरही फळ्याकडे असते. परंतु फळ्यावरील समीकरण नजरेतून पुढे सरकत नाही. मधली सुट्टी संपली की हेच विद्यार्थी टवटवीत दिसू लागतात. आणि रात्री अकराच्या सुमारास, घरातील वडीलधारी मंडळी दिवे मालवून निजावयास गेली म्हणजे, ह्यांचे डोळे लख्ख उघडे! मग घरी 'कुंभकर्ण' आणि शाळेत 'आळशी' अशी दोन बिरुदे त्यांच्या नावापुढे कायमची लागतात.

आळसाची वकिली करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आळशी विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांना ओळखण्यास शिक्षकाला वेळ लागत नाही. तथापि रात्री झोप न येणे व सकाळी जाग न येणे ह्या जोडतक्रारीत आळसाचा वाटा वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. तिच्या मुळाशी एक शरीरधर्म आहे. तो रागावून बदलत नाही. पण त्याची रीत कळली, तर त्याला बऱ्याच अंशी वळण लावता येते.

आपल्या परंपरेत झोपेविषयी दोन प्रकारचे विचार आढळतात, हे येथे नमूद केले पाहिजे. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य ह्या तिहींना शरीराचे उपस्तंभ, म्हणजे आधाराचे खांब, म्हटले आहे. एक खांब काढून घेतला तर घर दुसऱ्या दोहोंवर उभे राहत नाही. दुसरीकडे निद्रा जिंकणारा म्हणून अर्जुनाला 'गुडाकेश' हे नाव मिळाले, आणि विद्यार्थ्याने श्वाननिद्रा घ्यावी असे सांगणारे सुभाषित तर आपल्यापैकी बहुतेकांना पाठच असते. त्या सुभाषिताचा आधार घेऊन पहाटे चारला मुलांना उठविणारे पालक मी पाहिले आहेत. सावधपणे निजावे एवढाच त्याचा अर्थ आहे, थोडे निजावे असा नाही. कुत्र्याची झोप सावध असते हे खरे. पण दिवसरात्रीची बेरीज केली तर तो प्राणी जवळजवळ अर्धा दिवस झोपेतच काढतो!

आता त्या शरीरधर्माकडे वळू. कमाटीबागेतील फुलांचे घड्याळ आपण सर्वांनी पाहिले आहे. वर फुलझाडे व काटे तेवढे दिसतात. ते चालविणारे यंत्र जमिनीखाली दडलेले असते. सजीवांच्या अंगातही असेच एक दडलेले घड्याळ असते, हे प्रथम लक्षात आले तेही एका वनस्पतीमुळेच. १७२९ साली झां-झाक द मेरां ह्या फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळूच्या जातीचे एक झाड अंधाऱ्या जागी ठेवले. सूर्यप्रकाश मुळीच पोहोचत नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत व ठरल्या वेळी मिटत राहिली. पुढे १९३८ साली नॅथनिएल क्लाइटमन व त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन हे अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या 'मॅमथ केव्ह' नावाच्या प्रचंड गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे ना सूर्य, ना दिवसरात्र. त्यांनी २८ तासांचा एक दिवस मानून झोपण्या-उठण्याचा क्रम ठेवला. रिचर्डसन यांना तो थोडाबहुत मानवला. क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र गुहेबाहेरच्या २४ तासांच्या तालावरच खाली-वर होत राहिले. माणसाचे हे घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या दोन मज्जातंतूंची जेथे फुली होते त्या जागेच्या किंचित वर असते. हजारो पेशींचे ते पुंजके तांदळाच्या दाण्याहून मोठे नाहीत. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते ह्याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश व मायकेल यंग ह्यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या घड्याळाची एक खोड आहे. त्याचा दिवस बरोबर २४ तासांचा नसून सरासरी काही मिनिटांनी मोठा असतो. म्हणजे ते रोज थोडे मागे पडावयाचे. मागे पडणाऱ्या घड्याळाला आपण जशी रोज किल्ली देऊन काटे पुढे सरकवतो, तसे ह्या घड्याळाचे काटे रोज सकाळचा उजेड पुढे सरकवितो. रात्री उशिराचा प्रखर उजेड नेमके उलटे करतो. तो काटे आणखी मागे ढकलतो. ही एक गोष्ट नीट ध्यानात राहिली तर पुढचे बहुतेक सारे आपोआप समजेल.

घड्याळाच्या जोडीला दुसरी एक शक्ती काम करीत असते. तिला झोपेची भूक म्हणावे. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि जसजसे ते साचते तसतसे डोळे जड होतात. झोपेत ते ओसरते. चहा-कॉफीतील कॅफिन ह्या द्रव्याची जागा अडवून बसते, म्हणून चहाने तरतरी येते. पण ती तरतरी उसनवारीची आहे. प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफिन निघून जावयास साधारण पाच तास लागतात. तेव्हा सायंकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो. दुपारी दोन-दोन तास ताणून देणे हेही जेवणाआधी पोटभर फराळ करण्यासारखेच आहे. रात्री भूक कोठून लागावी?

ह्या दोन्ही शक्ती कुमारवयात बदलतात. मेरी कार्सकॅडन ह्या संशोधिकेने १९७६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांसाठी उन्हाळी निद्राशिबिर सुरू केले आणि तीच मुले पुढे काही वर्षे पुन्हा पुन्हा बोलावून तपासली. मोठे होताना मुलांना झोप कमी पुरते, असा तेव्हा सर्वांचा समज होता. रात्री दहा तास निजण्याची मुभा दिल्यावर लहान काय नि मोठी काय, मुले सुमारे सव्वानऊ तास झोपली. उलट मोठ्या मुलांना तेवढी झोप घेऊनही दिवसा अधिक पेंग येत होती. म्हणजे गरज घटत नाही; झोपेची वेळ तेवढी पुढे सरकते. वयात येताना मेलॅटोनिन हे रात्रीची वर्दी देणारे संप्रेरक एक-दोन तास उशिरा पाझरू लागते, आणि झोपेची भूकही पूर्वीपेक्षा सावकाश लागते. दहा वर्षांचा धाकटा भाऊ नऊलाच जेवताजेवता पेंगतो आणि पंधरा वर्षांची ताई साडेअकरापर्यंत ताजीतवानी असते, ह्यात धाकट्याचा सद्गुण नाही आणि ताईचा दुर्गुणही नाही. १३ ते १८ वर्षे वयाला ८ ते १० तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविज्ञानाच्या अकादमीने २०१६ साली ठरविले आहे. आता हिशेब मांडून पाहा. पावणेसहाला उठावयाचे असेल तर आठ तासांसाठी पावणेदहाला गाढ झोप लागलेली असली पाहिजे. शिकवणीहून साडेआठला परतून, जेवून, गृहपाठ उरकून, शरीर 'अजून रात्र झालेली नाही' असे सांगत असता ती कशी लागावी?

आपल्या बडोद्याच्या मुलांपुढे आणखी एक अडचण आहे आणि ती भूगोलाची आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. बडोदे ७३.२ अंशांवर. प्रत्येक अंशास चार मिनिटे ह्या हिशेबाने आपला सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३७ मिनिटे मागे असतो. कोलकाता त्या रेषेच्या पूर्वेस असल्याने तेथला सूर्य २३ मिनिटे पुढे. दोन्ही शहरांत हाताच्या घड्याळात सात वाजतात ते एकाच क्षणी, पण आकाशातील घड्याळात एका तासाचे अंतर! जानेवारीत येथे सूर्योदय होतो तो सात-वीसच्या सुमारास. सातला भरणाऱ्या शाळेसाठी निघालेले मूल काळोखात रस्ता चालते आणि ज्या उजेडाने त्याचे घड्याळ लागावयाचे, तो उजेड पडतो तेव्हा ते वर्गाच्या चार भिंतींत असते. संध्याकाळ मात्र लांबते. मौलिक जगनानी ह्या अर्थशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न घेऊन भारतीय मुलांच्या झोपेचा अभ्यास केला आणि २०१९ साली त्याची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. सूर्यास्त एक तास उशिरा झाला तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, असे त्यांना आढळले. कारण निजण्याची वेळ सूर्याबरोबर पुढे सरकते आणि शाळेची वेळ जागची हलत नाही.

येथे एखादे पालक म्हणतील, "हे सारे ठीक आहे, पण उत्तरायणाच्या दिवशी हाच मुलगा न उठविता पाचला गच्चीवर कसा जातो?" प्रश्न मार्मिक आहे. उत्साह आणि उत्सुकता ह्यांच्या जोरावर झोपेचे कर्ज एक दिवस विसरता येते. ते फिटत मात्र नाही. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून आलेल्या मुली दुसऱ्या दिवशी हसतमुख असतात. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात वर्गात काय अवस्था असते ते शिक्षकांना विचारा. गरबा खेळू नये असे मी कधीही म्हणणार नाही. नऊ रात्रींनी कोणाचे आयुष्य बिघडत नाही. बिघडते ते उरलेल्या वर्षभर रोज दीड-दोन तास कमी झोपण्याने.

तेव्हा उपाय कोणता? उपाय शोधण्यापूर्वी दोन निरनिराळ्या तक्रारी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण दोघींचे औषध एक नाही. पहिली, घड्याळ मागे पडलेले असणे. दुसरी, खरा निद्रानाश. ओळखण्याची साधी कसोटी सुट्टीत घेता येते. आठवडाभर मुलाला आपल्या वेळेने निजू द्यावे व आपल्या वेळेने उठू द्यावे. एकला पडून लगेच झोपी गेला आणि सकाळी दहापर्यंत गाढ झोपून ताजा उठला, तर त्याची झोप निरोगी आहे, फक्त वेळ चुकलेली आहे. परंतु मोकळीक असूनही तासन् तास कुशी बदलणे, मध्येच दचकून जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, आणि हे आठवड्यातून तीन रात्री व सलग तीन महिने चालू असणे, ह्याला वैद्यकशास्त्र चिवट निद्रानाश म्हणते. ह्या परीक्षेसाठी एक झोपेची वही घालावी. कितीला पडलो, अंदाजे कितीला झोप लागली, रात्री किती वेळा जाग आली, कितीला उठलो, दुपारी निजलो का, चहा केव्हा घेतला, एवढेच रोज सकाळी दोन ओळींत लिहावे. रात्री घड्याळ पाहून लिहू नये; अंदाज पुरे.

घड्याळ मागे पडले असेल तर सुरुवात रात्रीपासून करू नये, सकाळपासून करावी. ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि घरोघर चूक होते ती येथेच. "आज नऊला झोप!" ही आज्ञा पाळणे कोणाच्याही हाती नाही; झोप हुकमाने येत नसते. उठणे मात्र हाती असते. उठण्याची एक वेळ ठरवावी आणि ती रविवारीही फार तर एका तासाने ढळू द्यावी. रविवारी साडेआठ-नऊपर्यंत झोपणारा आणि सोमवारी सहाला उठणारा विद्यार्थी शरीराच्या दृष्टीने दर शनिवारी रात्री बडोद्याहून नैरोबीस जातो आणि सोमवारी पहाटे परत येतो; तेथील वेळ आपल्यामागे अडीच तासच आहे! विमानप्रवासाचा शीण आपण समजू शकतो, हा समजत नाही. सुट्टीत उशिरा उठण्याची सवय लागलीच असेल तर शाळा उघडण्यापूर्वी दोन आठवडे उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. एकदम तीन तास ओढू नये. उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर काढावा: गच्चीवर, अंगणात, दूध आणावयास जाताना, कोठेही. ढगाळ दिवशीचा बाहेरचा उजेडसुद्धा खोलीतील दिव्यापेक्षा कितीतरी पट प्रखर असतो. सकाळची शाळा असेल आणि बाहेर काळोखच असेल, तर शाळेने प्रार्थना सूर्योदयानंतर उघड्या पटांगणात घ्यावी, ही एक सूचना मी मुख्याध्यापकांपुढे ह्या निमित्ताने ठेवतो.

मोबाइलविषयी इतके बोलले जाते की थोडक्यात आटोपतो. त्याचा निळसर उजेड डोळ्यांतील काही विशिष्ट पेशींना दिवस असल्याची खबर देतो हे खरे आहे. ह्या पेशींचा शोध २००२ च्या सुमारास लागला. परंतु माझ्या मते उजेडापेक्षाही मोठा अपराध त्यातील मजकुराचा आहे. एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी सुरू होते, मित्रांच्या गटात कोणी काही लिहिले की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही, आणि मन विसावत नाही. रात्री ठरल्या वेळी घरातील सर्वांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत एका टेबलावर ठेवावेत. सर्वांचे म्हणजे वडिलांचासुद्धा. गजरासाठी मोबाइल उशाशी हवा, ही सबब असेल तर बाजारातून एक गजराचे घड्याळ आणावे.

आता खऱ्या निद्रानाशाकडे येऊ. त्याचे बीज बहुधा एखाद्या क्षुल्लक कारणाने पडते: परीक्षा, आजारपण, घरातील भांडण. कारण जाते आणि झोप परत येत नाही, कारण दरम्यान अंथरूण व जागरण ह्यांची मनात गाठ पडलेली असते. रोज रात्री तळमळत पडल्याने अंथरूण दिसताच मन सावध होऊ लागते. बैठकीच्या खोलीत पेंगणारा मुलगा गादीवर पडताच टक्क जागा होतो. ही गाठ सोडविण्याची रीत रिचर्ड बूटझिन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली सांगितली आणि आजही ती प्रमाण मानली जाते. अंथरूण फक्त झोपेसाठी. अभ्यास, खाणे, मोबाइल, गप्पा, काही म्हणजे काही त्यावर नाही. झोप दाटून आल्यावरच पडावे. पाव-अर्धा तास होऊनही झोप लागली नाही असे वाटले तर उठावे, मंद उजेडात काही साधे, शांत काम करावे आणि पुन्हा झोप आल्यावरच परत जावे. लागेल तितक्या वेळा असे करावे. पहिले काही दिवस कठीण जातात.

हे नियम वाचताना मला आपल्या जुन्या घरांची आठवण होते. सकाळी अंथरुणे गुंडाळून कोनाड्यात किंवा फडताळात जात आणि रात्रीच पुन्हा पसरली जात. दिवसा गादीवर लोळणे शक्यच नसे. खोल्या थोड्या होत्या म्हणून ती पद्धत होती, शास्त्र म्हणून नव्हे. पण शास्त्राला हवे तेच तिने आपसूक साधले. हल्ली पलंगावरच दप्तर, पलंगावरच जेवणाचे ताट आणि पलंगावरच त्रिकोणमिती! एका खोलीत चार माणसे राहत असतील तर स्वतंत्र अभ्यासाची जागा कोठून आणावी, हा प्रश्न रास्त आहे. जमिनीवर एक चटई आणि पुढे पाट, एवढ्यानेही भागते; मुद्दा एवढाच की अभ्यासाची जागा आणि निजण्याची जागा शरीराला वेगळी जाणवली पाहिजे.

दुसरा नियम ऐकून पालकांना आश्चर्य वाटेल. ज्याला साडेबाराशिवाय झोप लागत नाही त्याला साडेनऊला अंथरुणावर पाठवू नये. त्याने तीन तास तळमळण्याचा सराव होतो, दुसरे काही होत नाही. झोपेच्या वहीवरून तो प्रत्यक्ष किती झोपतो ते पाहावे, उठण्याची वेळ पक्की ठेवावी आणि निजण्याची वेळ काही दिवस मुद्दाम उशिराची धरावी, म्हणजे पडताच झोप लागेल. झोप सलग लागू लागली की दर काही दिवसांनी पंधरा मिनिटे आधी निजावे. वाढत्या वयात अंथरुणातला वेळ सात तासांच्या खाली मात्र नेऊ नये, आणि हा प्रयोग शक्यतो सुट्टीत करावा.

राहिली चिंता. दिवसभर दडपलेले विचार दिवा मालवताच रांगेने पुढे येतात, हा अनुभव मोठ्यांनाही आहे. ह्याला एक साधा उपाय आहे. निजण्यापूर्वी पाच मिनिटे कागदावर उद्याची कामे लिहून काढावीत. बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा उरलेल्या कामांची यादी लिहिणाऱ्या तरुणांना सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली. नऊ मिनिटे म्हणजे फार नव्हेत. पण कागद-पेन्सिलीच्या औषधाला तेवढे यश पुष्कळ झाले. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावे. 'आता चारच तास उरले' असा हिशेब करीत कोणी कधी झोपी गेलेला नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागावे की निजावे, हा वाद दर वर्षी बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की घरोघर रंगतो. १९२४ साली जेंकिन्स व डालनबाख ह्या दोन अभ्यासकांनी अर्थहीन अक्षरांच्या याद्या दोघा विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतल्या आणि काही तासांनी तपासल्या. मधला वेळ जागेपणी गेला तेव्हा त्यांना पुष्कळ विसर पडला. तेवढाच वेळ झोपेत गेला तेव्हा बरेच अधिक आठवले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत झालेल्या कामाने हेच अधिक स्पष्ट केले आहे की वाचलेले स्मरणात पक्के बसविण्याचे काम मेंदू झोपेत करतो. रात्रभर वाचणारा विद्यार्थी पीक कापतो आणि खळ्यावर न आणताच शेतात टाकून येतो.

जागरणाची पराकाष्ठा पाहावयाची असेल तर ती एका शाळकरी मुलानेच केलेली आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरातील रँडी गार्डनर ह्या १७ वर्षांच्या मुलाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी डिसेंबर १९६३ अखेर जागरण सुरू केले आणि जानेवारी १९६४ मध्ये तो एकूण २६४ तास, म्हणजे ११ दिवस, जागा राहिला. निद्राशास्त्रज्ञ विल्यम डिमेंट हे त्याच्यावर नजर ठेवून होते. शेवटच्या दिवशी त्याला १०० मधून सात-सात वजा करीत जाण्यास सांगितले. ९३, ८६, ७९, ७२, ६५ एवढे म्हणून तो थांबला. का थांबलास, असे विचारता त्याला आपण काय करीत होतो हेच आठवेना. त्यानंतर तो चौदा तासांहून अधिक झोपला आणि बरा झाला. परंतु उतारवयात आपल्याला तीव्र निद्रानाशाने ग्रासले, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. त्या जागरणाचाच तो परिणाम, असे सिद्ध करता येत नाही. जागरणाचे विक्रम नोंदविणे 'गिनेस'च्या पुस्तकाने पुढे बंद केले, ते ह्यातील धोक्यामुळेच.

घरी इतके केले तरी शाळेची वेळ घराच्या हाती नसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली असे मत दिले की माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आत भरू नयेत. सिॲटल शहराने २०१६ साली आपल्या माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली. मुले एवढ्यासाठी रात्री तासभर अधिक जागतील, अशी भीती होती. तसे झाले नाही, त्यांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्निया राज्यात तर हा नियम कायद्यानेच २०२२ पासून लागू आहे. आपल्या शेजारी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला. लहानग्यांची कणव आली हे उत्तमच झाले. परंतु वर पाहिल्याप्रमाणे ही लहानगी निसर्गतःच लवकर निजतात व लवकर उठतात; उशिराच्या शाळेची खरी निकड आहे ती आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्याविषयी त्या आदेशात काही नाही. अनेक शाळांना एकाच इमारतीत दोन शाळा भरवाव्या लागतात, सकाळी मोठे वर्ग व दुपारी लहान. ही अदलाबदल करून पाहण्यास इमारत वाढविण्याची गरज नाही. लहानांच्या पालकांची व वाहनांची अडचण येईल हे मला ठाऊक आहे. तरी पालकसभेत ह्याचा विचार एकदा व्हावा.

शेवटी, घरगुती उपाय कोठे थांबवावेत हे सांगणे आवश्यक आहे. रात्री मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडखळणे, पायांत अशी वळवळ होणे की हलविल्याशिवाय राहवत नाही, अथवा रात्रभर झोपूनही दिवसा उभ्याउभ्या डोळा लागणे, ह्यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. पायांच्या वळवळीमागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता, तेव्हा मुलींच्या बाबतीत ह्याकडे विशेष पाहावे. झोप उडण्याबरोबर मुलाचे खेळण्यातले, मित्रांतले, आवडीच्या पदार्थातले मनही उडाले असेल, तो स्वतःस निरुपयोगी म्हणू लागला असेल किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवीत असेल, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असून तेथे मराठी, हिंदी व गुजरातीतही बोलता येते. आजोबांच्या झोपेच्या गोळीतील अर्धी गोळी मुलास देण्याचा प्रकार काही घरांत चालतो. तो घातक आहे. मेलॅटोनिनच्या गोळ्याही डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज देऊ नयेत. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची झोपेची वही बरोबर न्यावी. त्यांना जे प्रश्न विचारावयाचे असतात त्यांतील बहुतेकांची उत्तरे तीत असतात.